त्या ‘गोऱ्या मास्तरणी’ला नाव आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत ‘द गॉड्स मस्ट बी क्रेझी’ या पिक्चरवर लेख आला होता तो वाचला. लेख छान होता, जुने दिवस आठवले, पण दोन गोष्टी डोक्यात बसल्या आणि चार दिवस झाले तरी जाईनात म्हणून हे लिहायला घेतलंय. पत्र लांबणार आहे. कापायचं तर शेवटून कापा, मधून नको.

पहिली गोष्ट साधी आहे. लेखाबरोबर जो फोटो छापलाय तो त्या पिक्चरचा नाहीच. मूळ पिक्चर १९८० चा, आणि तुमचा फोटो १९८९ ला आलेल्या दुसऱ्या भागातला. त्यातली बाई म्हणजे लीना फारुजिया, ही वेगळी नटी, ते वेगळं कॅरेक्टर. नेटवरून फोटो उचलताना होतं असं, समजू शकतो.

दुसरी गोष्ट मात्र मला चूक कमी आणि आळस जास्त वाटली. लेखकाने त्यात बुशमन झालेल्या निकाऊबद्दल भरभरून लिहिलंय, ते बरोबरच आहे, आकाशातून पडलेली कोकची बाटली देवाला परत द्यायला पृथ्वीच्या टोकापर्यंत चालत निघालेला तो माणूस कोण विसरेल. डायरेक्टर जेमी एइसबद्दल लिहिलंय, हिरो मारियस वेयर्सचं नाव आहे, जीपच्या कॉमेडीबद्दल तर अख्खा पॅरा आहे. आणि हिरॉईन? ‘एक गोरी मास्तरीण’. संपलं. अहो, तिला नाव आहे. सांड्रा प्रिन्सलू. पुढचं सगळं तिच्याबद्दल आहे.

आम्ही हा पिक्चर नगरला पाहिला, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कधीतरी, गल्लीत वर्गणी काढून व्हीसीआर आणला होता आणि रात्रीत तीन पिक्चर पाहायचे ठरले होते त्यातला हा मधला. इंग्रजी कोणालाच धड कळत नव्हतं पण हसून हसून लोक खाली लोळत होते. ती जोहान्सबर्गमधली पेपरची नोकरी सोडून बोत्स्वानातल्या एका खेड्यात शिकवायला जाते, हिरो बायकांसमोर बावळटासारखा धडपडणारा, आणि एका सीनमध्ये तिचे कपडे काटेरी झाडात असे अडकतात की जितकी सुटायला बघते तितकी जास्त गुंतते. गल्लीतल्या आज्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्या झाडाला तिकडे ‘वाख-अ-बिकी’ म्हणतात, म्हणजे ‘थांब जरा’. एकाच नावाची तशी बरीच काटेरी झुडपं आहेत पण त्यातलं एक चक्क आपल्या बोराच्या कुळातलं आहे, आणि बोरं काढायला गेलेल्या कोणालाही विचारा हे नाव किती बरोबर आहे ते.

आता ही भाषा कुठली, तर अफ्रिकान्स, दक्षिण आफ्रिकेत डचपासून तयार झालेली. आणि इथे मला थोडं नगरचं सांगावंच लागेल. इंग्रजांचं आणि बोअर लोकांचं, म्हणजे तिथल्या अफ्रिकान्स बोलणाऱ्या गोऱ्या शेतकऱ्यांचं, युद्ध झालं १८९९ ते १९०२, त्यात पकडलेले हजारो बोअर कैदी इंग्रजांनी जहाजात भरून बाहेरदेशी पाठवले, त्यातले बरेच हिंदुस्थानात आले आणि त्यांच्या कॅम्पांपैकी एक आपल्या अहमदनगरला होता. म्हणजे आम्ही जी भाषा व्हिडिओवर पहिल्यांदा ऐकली असं समजत होतो ती आमच्या गावात ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं आधीच बोलून झाली होती. हे मला नगरमध्ये राहून कळलं नाही, केपटाऊनला कळलं, ते पुढे येईलच.

सांड्रा प्रिन्सलूचा जन्म १९४७ चा. प्रिटोरिया विद्यापीठात नाटक शिकली. तेव्हा तिकडे नाटक म्हणजे बहुतेक सरकारी काम, १९६३ मध्ये चार प्रांतांसाठी चार मंडळं काढलेली, नट पगारी, नेपथ्य भारी, अभिजात नाटकांची भाषांतरं अफ्रिकान्समध्ये आणि समोर बसलेले प्रेक्षक गोरे. त्याच्याही आधी म्हणजे १९२५ च्या सुमारास अफ्रिकान्समधली पहिली व्यावसायिक मंडळी गाड्यांमध्ये पडदे आणि ट्रंका भरून खेडोपाडी फिरायची, मिळेल त्या हॉलमध्ये प्रयोग करायची. १९२५ हे वर्ष लक्षात ठेवा, कारण त्याच वर्षी या भाषेला डचच्या बरोबरीने सरकारी मान मिळाला, तोपर्यंत तिला ‘स्वयंपाकघरातली बोली’ म्हणून हिणवायचे. आणि हिणवणाऱ्यांना एक गोष्ट कधी आवडली नाही ती म्हणजे ही भाषा लिहायला घेणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत केपमधले मुसलमान होते, मदरशात शिकवायला त्यांनी ती अरबी लिपीत लिहिली. आजही ही मातृभाषा असलेल्यांत निम्म्याहून जास्त लोक गोरे नाहीत. पण वर्णद्वेषी सरकारने ही भाषा अशी काही आपल्या कमरेला बांधली की १९७६ मध्ये सोवेटोतली, म्हणजे जोहान्सबर्गजवळच्या काळ्यांच्या वस्तीतली पोरं ‘आम्हाला यात शिकायचं नाही’ म्हणून रस्त्यावर उतरली आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या.

अशा भाषेची नटी असणं म्हणजे काय याचा विचार करा. तुम्ही बोलता ती तुमच्या आईची भाषा, आणि शेजारच्याला ती पोलिसाची भाषा वाटते.

सांड्राचं नाव झालं ते याच काळात. टीव्हीचा त्यात हात आहे म्हणावा तर तोही उशिरा आला, दक्षिण आफ्रिकेत टीव्ही १९७६ च्या जानेवारीत सुरू झाला, मुंबई दूरदर्शन १९७२ ला सुरू झालं होतं, म्हणजे एवढा श्रीमंत देश आणि आपल्या मुंबईच्या मागे. सरकारला भीती होती की टीव्ही आला की लोक बिघडतील. असो. ‘गॉड्स’ने तिला जगभर पोचवलं पण नावाशिवाय, जसं तुमच्या लेखाने पोचवलंय. गंमत अशी की तेव्हा आपल्या पासपोर्टवर दक्षिण आफ्रिका सोडून बाकी देशांसाठी वैध असा मजकूर असायचा, भारताने १९४६ पासूनच त्यांच्याशी व्यापार तोडलेला, जगातले कलाकार तिकडे जात नव्हते, आणि हा मुळात दक्षिण आफ्रिकेचाच पिक्चर मात्र बोत्स्वानाचा म्हणून गावोगाव बिनबोभाट चालला. आमच्या गल्लीत तर कोणाला माहीतच नव्हतं आपण कोणाचा पिक्चर बघतोय.

आता खरं काय ते सांगतो, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं.

१९८५. केपटाऊनचं बॅक्स्टर थिएटर. विद्यापीठाच्या जागेवर १९७७ ला बांधलेलं आणि पहिल्यापासून सगळ्या रंगाच्या लोकांसाठी उघडं. (जोहान्सबर्गला असंच एक होतं, मार्केट थिएटर, ते आधी इंडियन फ्रूट मार्केट होतं, म्हणजे जिथे आपले लोक आंबे-केळी विकायचे तिथे नाटकं व्हायला लागली.) नाटक होतं स्ट्रिंडबर्गचं ‘मिस ज्युली’, १८८८ मधलं स्वीडिश नाटक, जमीनदाराची मुलगी आणि बापाचा नोकर, एका रात्रीची गोष्ट, सगळी स्वयंपाकघरात घडते. डायरेक्टर बॉबी हीनी. ज्युली झाली सांड्रा आणि नोकर झाला जॉन कानी. हे कानी म्हणजे कोण ते नव्या पोरांना सांगायला हवं, ‘ब्लॅक पँथर’मधला म्हातारा राजा टी’चाका, आणि २०१९ च्या ‘लायन किंग’मध्ये रफिकीचा आवाज. तेव्हा तो अमेरिकेतलं नाटकाचं मोठं टोनी अवॉर्ड मिळवून दहा वर्षं झालेला मोठा नट होता, पण स्वतःच्या देशात मत द्यायचा अधिकार नव्हता.

हे नाटक ज्यांनी वाचलंय त्यांना माहीत असेल, मालक अख्ख्या नाटकात एकदाही स्टेजवर येत नाही. त्याचे बूट येतात फक्त. नोकर ते बूट पॉलिश करायला आणतो आणि ते तिथेच पडून राहतात, आणि ज्युलीशी एवढ्या मोठ्या गप्पा मारणारा, पळून जाऊन हॉटेल काढायची स्वप्नं बघणारा माणूस घंटा वाजली की त्या बुटांकडे बघून पुन्हा नोकर होतो. आता हे बूट दक्षिण आफ्रिकेत १९८५ मध्ये स्टेजवर ठेवा आणि नोकर काळा करा. एक शब्द बदलायची गरज नाही, आपोआप दुसरं नाटक होतं. काळ्या-गोऱ्यांच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा आणि त्यांच्या लग्नावरची बंदी त्याच वर्षी उठली होती, म्हणजे कागदावर उठली होती, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये देशाच्या बऱ्याच भागांत आणीबाणी लागली. अशा वर्षात सांड्रा आणि कानी यांनी प्रेक्षकांसमोर एकमेकांचं चुंबन घेतलं.

पहिल्याच प्रयोगाला निम्मे लोक उठून गेले असं तिकडे अजून सांगतात. मग धमक्या सुरू झाल्या, पत्रं, शिव्या, जिवे मारू वगैरे, दोघांनाही. मला यात एक गोष्ट नेहमी वाटते ती सांगतो, कानीला शिव्या बसणं नवीन नव्हतं, त्याचं आयुष्यच त्यात गेलं होतं. सांड्राला बसल्या त्या आपल्याच माणसांकडून, ज्यांनी तिला डोक्यावर घेतलं होतं, ज्यांच्या दिवाणखान्यात ती टीव्हीवरून रोज संध्याकाळी जात होती. पिक्चरमध्ये तिचे कपडे काट्यात अडकतात तेव्हा सगळे हसतात आणि इथे ती स्वतःहून काट्यात शिरली, तिला नाही म्हणता आलं असतं, दुसऱ्या चार नट्या होत्या. ती नाही म्हणाली नाही आणि प्रयोगही तिने सोडले नाहीत. नंतर या नाटकाचं चित्रीकरणही झालं. मग १९८८ मध्ये तिने ‘क्वेस्ट फॉर लव्ह’ नावाचा पिक्चर केला, हेलेना नोगेरा या बाईने काढलेला, दोन बायकांच्या प्रेमाचा. १९८८ मध्ये, त्या देशात. म्हणजे एकदा अंगावर जाळ घेऊन बाईचं भागलं नव्हतं.

तर मी केपटाऊनला होतो २०१० नंतर, कंपनीने एका प्रोजेक्टवर दीड वर्ष पाठवलं होतं. ऑफिसमधला एक मुलगा तिथला, ज्यांना तिकडे ‘कलर्ड’ म्हणतात त्या मिश्र वंशाच्या समाजाचा, घरात अफ्रिकान्स बोलणारा. त्याची आई मला फार जीव लावायची. तिकडे आपल्यासारखंच आहे, मोठ्या माणसाला नावाने हाक मारत नाहीत, काकाला ‘ओम’ आणि मावशीला ‘तान्नी’, ओळख असो नसो. मी पण तिला तान्नीच म्हणायचो. तिने उभं आयुष्य सॉल्ट रिव्हरच्या कपड्यांच्या फॅक्टरीत शिलाई मशीनवर काढलं होतं. मला अफ्रिकान्सचं वेड तिनेच लावलं, ‘ग’ लिहितात आणि घशातून ‘ख’ म्हणतात, ‘खूप’ला ‘बाये’ म्हणतात, तर मी पहिले दोन महिने ती कोणाला ‘बाये बाये’ करतेय म्हणून आजूबाजूला बघायचो. नगरच्या बोअर कॅम्पाचं पण तिच्याच घरी कळलं, मी गावाचं नाव सांगितलं तर तिचा एक शेजारी म्हातारा चटकन म्हणाला ‘आमेदनाखर?’ त्याच्या वाचनात ते कैद्यांचं गाव म्हणून आलेलं होतं. मी गार.

एकदा तान्नी म्हणाली चल, सांड्राचं नाटक आहे. ‘डी नायमशीन’, म्हणजे शिलाई मशीन, रशेल ग्रीफ या बाईने लिहिलेलं एकपात्री. वृद्धाश्रमातली ८१ वर्षांची म्हातारी, मागदलीन, आणि तिच्याकडे उरलेलं तिचं शिलाई मशीन, ज्याचा तिला आता निरोप घ्यायचाय. बस एवढंच. (नावातल्या ‘नाय’ या शब्दाचा शिवण्याशिवाय आणखी एक वाह्यात अर्थ आहे, तो सांगायला तान्नीने साफ नकार दिला, मुलाने दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितला.)

आमची सोय अशी होती की तान्नी माझ्या कानात भाषांतर करणार. पहिली पाच मिनिटं केलं. मग थांबली. मी कोपराने ढोसलं तर म्हणाली, गप, बघ. आणि खरं सांगतो, पुढचा तासभर मला पाचातला एखादा शब्द कळला असेल, पण कंटाळा आला नाही. साठी ओलांडलेली बाई एकटी ८१ ची झालेली, पाठ, मान, दर वेळी खुर्चीतून उठताना आधी हात कुठे टेकायचा त्याचा हिशोब. नगरच्या घरात माझ्या आईचं उषाचं पायमशीन होतं, झाकण लाकडी, खणात बॉबिन आणि तेलाची छोटी बुधली, ते मशीन आम्ही विकलं तेव्हा मी कॉलेजात होतो आणि आई त्या दिवशी मुद्दाम शेजारी जाऊन बसली होती. हे मला वीस-पंचवीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. तिथे आठवलं, अफ्रिकान्समध्ये.

नाटक संपल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, तान्नी बसूनच होती. मला वाटलं रडतेय. नव्हती रडत. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘तिने हात मशीनवर कसा ठेवला बघितलास? तिला येतं शिवायला. नाहीतर नट्या काय करतात, मशीनला नुसतं कुत्र्यासारखं थोपटतात.’ तीसेक वर्षं शिलाई केलेल्या बाईचा हा अभिप्राय, कुठल्या समीक्षकाने काय लिहिलं ते मला सांगू नका.

ही एकपात्री नाटकं ती का करायला लागली त्यालाही कारण आहे. १९९४ ला देश स्वतंत्र झाला म्हणा, मंडेला आले, अकरा भाषा सरकारी झाल्या, आणि ती जुनी सरकारी नाट्यमंडळं मोडीत निघाली. योग्यच होतं, एका भाषेचे एवढे लाड बाकीच्यांच्या पैशावर चालले होते. पण पगारी नट रस्त्यावर आले. मग अफ्रिकान्स नाटक गेलं उत्सवांमध्ये, १९९५ पासून औट्सहोर्न नावाच्या शहामृगांच्या गावात मोठा कलाउत्सव भरायला लागला, मग आणखी गावांत, तिथे शाळेचे हॉल, चर्चचे हॉल, जे मिळेल ते, सकाळी एक प्रयोग संध्याकाळी दुसरा. म्हणजे फिरून पुन्हा १९२५ च्या ट्रंका. दहा नटांचं नाटक परवडत नाही, एका बाईचं परवडतं, सामान गाडीच्या डिकीत मावतं. सांड्राने त्यात ‘ऑस्कर’ केलं, मूळ फ्रेंच, कॅन्सर झालेल्या दहा वर्षांच्या मुलाची देवाला लिहिलेली पत्रं, आणि तो मुलगा हीच बाई, साठीतली. तिच्या वयाच्या नट्यांना आपल्याकडे काय मिळतं, सिरियलमधली देवघरातली आजी, जिला तीन एपिसोडनंतर कोमात टाकतात.

आणि मग ‘कांपहूर’, म्हणजे ‘छावणीतली वेश्या’. हे मी पाहिलेलं नाही, तोवर मी परत आलो होतो, तान्नीच्या मुलाने व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेवढं. फ्रान्स्वा स्मिथ यांच्या कादंबरीवरून, लारा फूट यांनी बसवलेलं, पुन्हा सांड्रा एकटी. बोअर युद्धात पुरुष लढत होते तेव्हा इंग्रजांनी त्यांची शेतं जाळून बायकापोरांना छावण्यांत कोंडलं, तिथे सव्वीस हजारांच्या वर मेले, बहुतेक लहान मुलं, आणि काळ्या लोकांच्या वेगळ्या छावण्या होत्या तिथले मेलेले तर कोणी नीट मोजलेही नाहीत. या गोष्टीतली सुसान नेल नावाची मुलगी अशा छावणीत अत्याचार होऊन मरायला टाकलेली, वाचते, आणि पुढे पहिल्या महायुद्धात मानसिक रुग्णांची नर्स झालेली असताना तोच अत्याचार करणारा माणूस पेशंट म्हणून तिच्यासमोर येतो. फोन ठेवल्यावर माझ्या मनात एकच आलं, या बायका छावणीत मरत होत्या तेव्हा त्यांच्यातल्या काहींचे नवरे आणि भाऊ कदाचित आमच्या नगरला तारेच्या कुंपणाआड बसून पत्राची वाट बघत असतील.

सरकारने सांड्राला इखामांगा सन्मान, म्हणजे कलावंतांना देतात तो तिकडचा राष्ट्रीय सन्मान, दिला, कानीला तो आधीच मिळालेला होता. एके काळी ज्या दोघांना धमक्या येत होत्या त्या दोघांनाही.

तर विनंती एवढीच की येत्या रविवारी एक छोटी दुरुस्ती छापा. फोटो बदला, काटेरी झाडाच्या सीनचा मिळाला तर उत्तम. आणि खाली नाव द्या. प्रिन्सलू, शेवटचा ‘लू’ दीर्घ. लेखकांना माझा राग नाही, त्यांना म्हणावं नगरला आलात तर चहाला या.

आपला,
एक जुना वाचक
सावेडी, अहिल्यानगर